धक्क्यावरची मिठी

शुक्रवार, १ फेब्रुवारी

नवा बोलपट लागला. गर्दी इतकी, की मालकांनी आपल्या खोलीतल्या खुर्च्यासुद्धा बाल्कनीत टाकल्या आणि स्वतः दिवसभर उभे राहिले. माणूस खुशीत असला की त्याचे पाय दुखत नाहीत.

गोष्ट साधी आहे. बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढणारे दोन मित्र. त्यातला एक दांडगाई करत वर चढतो, आपल्याच वस्तादाला बाजूला सारून त्याच्या खुर्चीत बसतो आणि सगळं शहर त्याला सलाम ठोकायला लागतं. दुसरा त्याच्या सावलीसारखा बरोबर. पण पुढे त्याचं एका मुलीवर मन बसतं, आणि हे सगळं सोडून त्याला बोटीने दूर जायचं असतं. नायक त्याला निरोप द्यायला धक्क्यावर येतो, कडकडून मिठी मारतो, आणि मिठीतच गोळी घालतो. का, तर मित्राला सगळी गुपितं ठाऊक. शेवटच्या रिळात पोलीस नायकालाही गटाराच्या कडेला लोळवतात.

तिन्ही खेळांत फिल्म एकदाही तुटली नाही. एका मशीनवरून दुसऱ्यावर जाताना पडदा क्षणभरसुद्धा पांढरा पडला नाही. शाबासकी कोण देणार? ऑपरेटरचं काम नीट झालं तर कुणाला दिसत नाही, आणि बिघडलं की अख्खं थिएटर शिट्ट्या मारतं.

संध्याकाळच्या खेळाला मोठेभाऊ आले होते. बाजारातल्या हातगाड्या, बंदरावरचे हमाल, मालाचे ट्रक, सगळं त्यांच्या शब्दावर चालतं. सगळं गाव त्यांना मोठेभाऊ म्हणतं. माझा धाकटाही म्हणतो, त्यांचा ट्रक चालवतो म्हणून. त्याचा सख्खा मोठा भाऊ मी, पण मी आपला नुसता दादा. खेळ संपून दिवे लागले तरी मोठेभाऊ खुर्चीतून उठले नाहीत. मी केबिनच्या झरोक्यातून बघत होतो. इतका वेळ बसले म्हणजे बोलपट आवडला असणार.

शनिवार, २ फेब्रुवारी

नव्हता आवडला.

सकाळी रिळं तपासत होतो तर मालक मोठेभाऊंना घेऊन थेट केबिनमध्ये. केबिनमध्ये बाहेरच्या माणसाला आणायचं नाही, हा मालकांचाच नियम. आज नियमाच्या मालकाचीच बोलती बंद होती.

मोठेभाऊंनी मशीनवरून हात फिरवला आणि म्हणाले, "शेवटचं रीळ आजपासून लावायचं नाही."

मी म्हणालो, "पण मग नायक मरणार कसा?"

"नाही मरणार. काल बाहेर पडताना पोरं माझ्याकडे बघून हसली. याआधी कोणी हसलं होतं?"

मी मालकांकडे बघितलं. मालक छताकडे बघत होते. मी सांगितलं, "शेवटचं रीळ काढलं तर बोलपट धक्क्यावर मित्राला मारून संपेल. लोक रडत घरी जातील."

"मग तेही काढा. गोड करा शेवट. तुम्ही कारागीर माणूस." आणि दारातून वळून म्हणाले, "कोणी विचारलं तर बोलपट असाच आला. आपल्या घरातसुद्धा."

शेवटचं रीळ त्यांचा माणूस पेटीसकट घेऊन गेला. कंपनीला काय सांगायचं ते आपण बघू म्हणाले. मला हे पटलेलं नाही. पण कारागीर म्हणाले, ते खोटं नाही.

रविवार, ३ फेब्रुवारी

काल सकाळचा सगळा वेळ कात्री, ब्लेड आणि चिकटद्रवाची बाटली घेऊन बसलो. आधी वाटलं, कापाकापीच तर आहे. मग लक्षात आलं की हे काम सोपं नाही.

मिठी ठेवली. गोळी काढली. त्यानंतर बोट सुटते ते चित्र जोडलं. मुळात ते मित्र मेल्यानंतर येतं. म्हणजे आता काय दिसतं, तर मिठी मारली आणि बोट सुटली, मित्र गेला बुवा सुखाने. पण एवढ्याने बोलपट संपल्यासारखा वाटेना. म्हणून सातव्या रिळातली मेजवानी उचलून अगदी शेवटी लावली. नायक खुर्चीत, सगळे पेले उंचावतायत, बँड वाजतोय, आणि त्याच्या उजव्या हाताला मित्र हसत बसलाय! म्हणजे बोटीने गेलेला मित्र पुढे पाहुणा म्हणून जेवायलाही आला. मी हे मुद्दाम केलं नव्हतं, पण बघून माझा मीच खूश झालो.

एक घोळ झाला. आवाज फिल्मच्या कडेला पट्टीत असतो, आणि तो चित्राच्या थोडा पुढे छापलेला असतो. त्यामुळे गोळीचं चित्र गेलं तरी गोळीचा आवाज मी ठेवलेल्या तुकड्यावरच राहिला. मशीनवर लावून बघतो तर बोट सुटतेय आणि धाडकन गोळी! पट्टीवरची तेवढी जागा शाईने काळी केली. आता बारीक धप्प असं काहीतरी होतं. एरवी कोणाला कळायचं नाही.

काल रात्रीच्या खेळाला टाळ्या पडल्या. शेवटाला, म्हणजे माझ्या शेवटाला. बायको तिकीटखिडकीवर बसते. विक्री संपवून ती मागे उभी राहून शेवट बघून आली. मला म्हणाली, "बोट सुटताना काय पडलं हो?" ही बाई म्हणजे कमाल आहे. मी म्हणालो, कोणाची तरी छत्री पडली असेल.

शनिवार, ९ फेब्रुवारी

बाजारात मजा चालली आहे. पहिल्या शुक्रवारी बघितलेले म्हणतात, नायक मेला. नंतर बघितलेले म्हणतात, मेला कुठे, मेजवानी झोडत होता. न्हाव्याच्या दुकानात यावरून हातघाईवर आले. मग मोठेभाऊंची माणसं शुक्रवारवाल्यांना भेटून गेली म्हणे, आणि त्यांनाही नीट आठवायला लागलं की तो मेला नव्हता.

धाकटा त्या शुक्रवारी ट्रक घेऊन बाहेरगावी होता, परत आल्यापासून रोज बोलपट बघतो. आधी ट्रकवरून आला की आडवा व्हायचा. आता हात धुतो न धुतो तोच थिएटरात. आज जेवताना त्याने विचारलं, "दादा, लोक म्हणतात धक्क्यावर तो मित्राला मारतो. खरं का?"

घरातसुद्धा नाही, असं मोठेभाऊ म्हणाले होते. मी म्हणालो, "लोकांचं काय घेऊन बसलास? अर्धे बोलपटात झोपतात आणि उरलेला स्वतः बनवतात."

तो हसला. किती दिवसांनी असा हसला. मला बरं वाटलं.

गुरुवार, १४ फेब्रुवारी

मोठेभाऊ मला वाटले होते तसे नाहीत. आज रस्त्यात गाडी थांबवून त्यांनी माझी चौकशी केली. तेव्हापासून कोपऱ्यावरचा दुकानदार मला रांगेत उभं राहू देत नाही. "साहेब, तुम्ही कशाला, घरी पोचवतो." साहेब! मी नको म्हणालो. एकदाच म्हणालो.

हिला सांगितलं तर तोंड वाकडं केलं. हिच्याकडे खिडकीवर एक बाई रोज येते. तिकीट घेत नाही, नुसती उभी राहते. धाकट्याच्या आधी मोठेभाऊंचा ट्रक चालवायचा त्याची बायको. तो नोकरी सोडून परगावी बहिणीकडे गेला म्हणे, तेव्हापासून त्याचा पत्ता नाही. बहीण म्हणते, आलाच नाही. ही म्हणाली, "नोकरी सोडतो म्हणून सांगायला गेला होता, तो अजून परत यायचाय."

मी म्हटलं, संसाराला कंटाळून पळणारे काय कमी असतात? माझ्याकडे तिने अशा नजरेने पाहिलं, जणू मीच पळून गेलो होतो.

बुधवार, २० फेब्रुवारी

धाकट्याचं काहीतरी बिनसलंय. की चांगलं चाललंय? मला त्याचं काही कळेनासं झालंय. हल्ली तो पूर्ण बोलपट बघत नाही. धक्क्याच्या प्रसंगाला येतो, शेवटपर्यंत बसतो आणि जातो. आज केबिनमध्ये वर आला. लहानपणी माझ्या मागे मागे असा यायचा.

"दादा, ती शेवटची मेजवानी आहे ना, तिच्यात तो मित्र दिसतो."

"दिसतो की." म्हटलं, बघितलं वाटतं याने नीट.

"म्हणजे त्यांचं मिटलं. तो सोडून गेला तरी नायकाने डूख धरला नाही."

"मिटलं म्हणजे काय, मांडीला मांडी लावून बसलाय."

"सगळी गुपितं ठाऊक असूनही?"

"अरे, मिठी मारतो तेव्हा तोंड बघ नायकाचं. डोळ्यांत पाणी आहे." ते खरंच आहे. मारतानाही त्याच्या डोळ्यांत पाणीच असतं.

तो माझ्या पाठीवर थाप मारून खाली गेला. माझं जोडकाम कोणी इतकं मन लावून बघितलं नव्हतं. खरं सांगायचं तर ऊर भरून आला.

मंगळवार, २६ फेब्रुवारी

आज उलगडा झाला! धाकटा मुलीला घरी घेऊन आला. शिवणकाम करते. बोलायला मोकळी, नजर सरळ. कचेरीत सह्या करून लग्न करायचं आणि घाटापलीकडे तिच्या मामाच्या गिरणीत दोघांनी कामाला लागायचं असं ठरलंय. हिने तिला जवळ बसवून घेतलं. हिला धाकटी जाऊ येणार म्हणून मी नुसता आत-बाहेर करत होतो.

मग ही म्हणाली, "आणि मोठेभाऊ?"

"त्यांना सांगूनच जाणार, वहिनी."

"न सांगता जा." अशी तडकाफडकी ही कधी बोलत नाही.

"चोरासारखं कशाला? मी त्यांचं अन्न खाल्लंय. ट्रकात काय काय असतं ते मला माहीत आहे, पण मी तोंड उघडणार नाही, हे त्यांनाही माहीत आहे. बोलपटातला मित्र सांगूनच गेला ना? पळाला असता तर राग आला असता. तोंडावर सांगितलं म्हणून तर मिठी मारली त्याने."

माझ्या हातातला पेला लवंडला.

ते दोघे गेल्यावर मी हिला सगळं सांगितलं. कात्री, शाई, मेजवानी, सगळं. मला वाटलं चिडेल. तिने माझ्या चपला पुढे सरकवल्या. मग म्हणाली, "उठा. आत्ताच्या आत्ता त्याला गाठा."

मी म्हणालो, उद्या. मोठेभाऊंना कळलं तर काय, हा विचार करायला नको का? आणि तो बोलपट आहे, माणसं काय बोलपटासारखी वागतात? ही म्हणाली, "तुमचा भाऊ वागतोय ना."

गुरुवार, २८ फेब्रुवारी

काल तो ट्रक घेऊन बाहेर होता. आज गाठलं. सरळ सांगितलं की धक्क्यावर तो मित्राला मारतो. ती मेजवानी मी जोडली.

त्याने ऐकून घेतलं आणि हसला. "वहिनीने शिकवलं ना? मी जायला नकोय तुम्हाला."

"अरे, मी स्वतः कापलंय!"

"मग त्या दिवशी का नाही म्हणालास? मी विचारलं होतं."

मी म्हणालो, मला तसं सांगायची बंदी होती. तो म्हणाला, आता उठली का बंदी? आणि चालायला लागला.

कापलेला तुकडा माझ्या डब्यात आहे. खिडकीच्या उजेडात धरून त्याला दाखवावा म्हटलं तर त्यातून काही कळत नाही. एवढ्याशा चित्रात एक माणूस दुसऱ्याच्या खांद्यावर वाकलेला. मिठी मारताना माणूस वाकतोच. ते मशीनवरून धावल्याशिवाय मरण दिसायचं नाही.

लावू का? मोठेभाऊंची माणसं प्रत्येक खेळाला असतात. मालक हाकलून देतील. आणि मोठेभाऊ मला इतकं चांगलं वागवतात. काही सुचत नाही. हिला विचारलं. ती म्हणाली, "मी उद्या दुपारी त्याला खुर्चीत आणून बसवते. पुढचं तुमचं तुम्ही बघा."

शुक्रवार, १ मार्च

लावला.

जोड तीनदा उसवून परत केला. पट्टीवरची शाई खरवडली, पण तिच्याबरोबर आवाजही निघून गेला होता. त्यामुळे धक्क्यावर गोळी सुटली ती मुक्याने. मिठी, मग मित्राच्या पाठीमागून थोडा धूर, मग तो नायकाच्या अंगावरून घसरत खाली. कुठे काही वाजलं नाही. थिएटरात कोणाला काही कळेना. मग एक बाई ओरडली. मग शिट्ट्या, "हा कुठला? आमचा बोलपट लावा!" पुढच्या रांगेतल्यांनी खुर्च्या आपटल्या. आणि त्या गोंधळात माझीच मेजवानी सुरू झाली, नुकता मेलेला मित्र पेला उंचावून हसतोय. तेवढी काढायचं माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं. लोक हसायला लागले.

धाकटा केबिनमध्ये आला तेव्हा त्याच्या तोंडावर रंग नव्हता.

"हे असंच होतं? पहिल्यापासून?"

"असंच."

"मी काल संध्याकाळी त्यांना सांगून आलो, दादा."

मी विचारलं, काय म्हणाले?

"काही नाही. उठले आणि मला मिठी मारली. म्हणाले, शनिवारी सकाळी नऊला मी स्वतः गाडी घेऊन येतो. तुम्हा दोघांना घाटापर्यंत सोडतो." तो खाली बसला, रिळांच्या पेट्यांवर. "इतकं बरं वाटलं होतं मला. घरी येताना मी शीळ घालत होतो."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवायला गेलो. त्याने तो बाजूला केला. रागाने नाही. रागाने केला असता तर चाललं असतं.

"किती वेळा विचारलं तुला," तो म्हणाला. "इथेच उभा राहून विचारलं. तू म्हणालास, मांडीला मांडी लावून बसलाय."

शनिवार, २ मार्च

पहाटेच्या घाटाकडच्या गाडीने दोघे गेले. हिने पाव आणि उकडलेली अंडी बांधून दिली. धाकट्याने हिला वाकून नमस्कार केला. माझ्याकडे बघितलं, पण बोलला नाही.

बरोबर नऊला मोठेभाऊ आले. मी दारातच उभा होतो. गाडीत मागच्या बाजूला कापडात गुंडाळलेलं काहीतरी मोठं. त्यांच्या माणसाने कापड काढलं. नवंकोरं शिलाई मशीन. काळं, सोनेरी वेलबुट्टीचं.

"सूनबाईसाठी," मोठेभाऊ म्हणाले. "कुठे आहेत दोघं?"

मी तोंड उघडायच्या आत ही म्हणाली, "पहाटेच गेले. कुठे ते आम्हालाही सांगितलं नाही."

ते आत येऊन बसले. हिने चहा दिला. कपाकडे बघत म्हणाले, "काल तुम्ही तो जुना तुकडा लावलात म्हणे."

वाटलं, संपलं. पण ते ओरडले नाहीत. आवाज उलट खाली गेला. "मी काय बोलपटातला आहे का? पोराला मी मुलासारखा वागवला. लग्नाची भेट घेऊन आलो, तर हे असं. मला असला समजलात तुम्ही?"

मी मान खाली घालून बसलो. त्यांनी मशीन परत गाडीत ठेवायला लावलं. "हे मी तिच्याच हातात देणार," म्हणाले. ते गेल्यावर ही कप विसळताना म्हणाली, "घाटापर्यंतच सोडणार होते ना? मग एवढं जड मशीन तिथून पुढे तिने डोक्यावर नेलं असतं?"

बायकांना शंका काढायला कारण लागत नाही. तरी तो प्रश्न दिवसभर डोक्यात फिरत होता. घाटाच्या पुढे गाड्या मिळतात की.

रविवार, ३ मार्च

डोक्याचा भुगा झालाय. एकदा वाटतं, मी भावाला वाचवलं. एकदा वाटतं, मी एका भल्या माणसाला खुनी ठरवून भावाला त्याच्यापासून आणि स्वतःपासून तोडलं. दोन्ही कसं खरं असेल? आणि दोन्हींतलं एक खोटं असेल तर कुठलं?

मालकांनी मला काढलं नाही. मोठेभाऊंनीच सांगितलं म्हणे, ऑपरेटरला हात लावायचा नाही.

दुपारच्या खेळाला ते एकटेच आले. माझा गोड शेवट परत लावला होता. मी झरोक्यातून त्यांच्याचकडे बघत होतो. मेजवानीत मित्र हसताना दिसला तेव्हा त्यांनी रुमाल काढून डोळे पुसले. मी स्वतः पाहिलं. कोणी बघतंय हे त्यांना ठाऊकही नव्हतं. झरोका त्यांच्या पाठीमागे थोडा बाजूलाच आहे, एकदाच काय ती त्यांनी मान वळवली होती.

खेळ संपल्यावर मी खाली गेलो आणि माफी मागितली. ते म्हणाले, "तुमचं काही चुकलं नाही. खरा शेवट तुम्हीच केलात. बोलपटवाल्यांना माणसं कळत नाहीत, तुम्हाला कळतात." मग म्हणाले, "पोराच्या मनात माझ्याविषयी अढी राहायला नको. एकदा भेटलो की संपलं. कुठे आहे तो?"

आणि मी सांगितलं. गाव, गिरणी, मामाचं घर. सांगितल्यावर इतकं हलकं वाटलं, की जिन्यावरून वर जाताना मी शीळ घालतोय हे माझ्याच लक्षात आलं नाही. ते स्वतः जाणार आहेत. एका शिलाई मशीनसाठी एवढा मोठा माणूस स्वतः घाट ओलांडून जातो!

घरी येऊन हिला सांगितलं. वाटलं भांडेल. पण हिने हातातलं भांडं खाली ठेवलं, पदराला हात पुसले.

"गाडी कधी निघणार त्यांची?"

"उद्या दुपारी."

"आणि पहाटेची बस किती वाजता सुटते?"

मला काय माहीत, म्हटलं, डोअरकीपरला विचार. ती खरंच उठून विचारायला गेली. म्हटलं, चला, हिचाही राग निवळला.

सोमवार, ४ मार्च

उठलो तर ही घरात नाही. चूल थंड. कुठे जाते हे सांगितलं नाही, निरोप नाही. रुसून माहेरी गेली म्हणावं तर माहेरी जाताना नेते ती पेटी पलंगाखालीच आहे. तिकीटखिडकीवर मालकांना स्वतः बसावं लागलं, त्यांनी मला चार शब्द सुनावले. बायको सांभाळता येत नाही, म्हणाले. खिडकीवर रोज येणारी ती बाईही आज आली नाही.

दुपारी मोठेभाऊंची मोटार थिएटरासमोरून गेली. मी वरून हात केला. मागे मशीन होतं, आणि मशीनच्या दोन बाजूंना दोन माणसं बसली होती. घाटात धक्के बसून पडू नये म्हणून असेल. एवढी काळजी कोण घेतं?

संध्याकाळी डोअरकीपर भेटला. म्हणाला, "वहिनींना पहाटे मीच स्टँडवर बघितलं. घाटाकडच्या गाडीत बसल्या. बरोबर ती ट्रकवाल्याची बायको होती. ड्रायव्हरला सारख्या म्हणत होत्या, जरा लवकर हाणा."

घाटाकडे? तिकडे धाकट्याशिवाय आपलं कोण आहे? त्याला भेटायचंच होतं तर मला म्हणायचं होतं, मीही आलो असतो. निदान त्याच्याशी दोन शब्द बोललो असतो. आणि ती बस वाटेत दहा ठिकाणी थांबते, घाटात तर बैलगाडीसारखी चढते. एवढी घाई होती तर मोठेभाऊंना सांगितलं असतं. त्यांनी मोटारीतून नेलं असतं तिला, त्यांच्याबरोबरच पोचली असती.